विमानातील इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ : काम, प्रशिक्षण, लायसन्स आणि सरकारी योजना

दुरुस्ती किंवा तपासणी झालेले विमान पुन्हा उडण्यापूर्वी त्याच्या नोंदवहीत एक सही लागते. 'काम नियमांनुसार पूर्ण झाले आहे, विमान सेवेत सोडण्यास हरकत नाही' असा त्या सहीचा अर्थ असतो. रेडिओ, रडार, दिशादर्शक यंत्रणा, ऑटोपायलट आणि विजेच्या जोडण्या यांच्या बाबतीत ही सही करण्याचा अधिकार मिळतो तो बी२ प्रवर्गाचे लायसन्स असलेल्या विमान देखभाल अभियंत्याला. या शाखेला एव्हियॉनिक्स म्हणतात.

बारावीनंतर या क्षेत्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणि लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले संस्था देते. दुसरे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देते आणि त्यासाठी परीक्षा व प्रत्यक्ष कामाचा अनुभव दोन्ही लागतात. हा फरक माहीत नसल्यामुळे काही कुटुंबांचे लाखो रुपये आणि मुलांची दोन-तीन वर्षे अडकतात. म्हणून या लेखात कामाच्या ओळखीबरोबर लायसन्सपर्यंतची वाट टप्प्याटप्प्याने दिली आहे.

या तंत्रज्ञाचे काम काय असते?

विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचे ढोबळमानाने पुढीलप्रमाणे गट पडतात.

- संपर्क यंत्रणा : वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यातील रेडिओ, प्रवाशांसाठीची घोषणा यंत्रणा.
- दिशादर्शन : उपग्रहावर आधारित स्थाननिश्चिती, धावपट्टीवर उतरताना मार्ग दाखवणारी यंत्रणा, जमिनीपासूनची उंची मोजणारा रेडिओ अल्टिमीटर, नाकाडात बसवलेले हवामान रडार.
- उपकरणे : वेग, उंची आणि दिशा दाखवणारे पडदे व त्यांना माहिती पुरवणारे सेन्सर.
- स्वयंचलित उड्डाण : ऑटोपायलट आणि त्याच्याशी जोडलेले संगणक.
- वीजपुरवठा : जनरेटर, बॅटऱ्या आणि वायरिंग. मोठ्या प्रवासी विमानात साधारणपणे ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झचा एसी आणि २८ व्होल्टचा डीसी पुरवठा असतो. घरातील वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे विमानातील उपकरणे वेगळ्या बनावटीची असतात.
- नोंद आणि सुरक्षा यंत्रणा : उड्डाणाची माहिती व कॉकपिटमधील आवाज नोंदवणारे रेकॉर्डर, टक्कर टाळण्याची सूचना देणारी यंत्रणा, अपघातानंतर संदेश पाठवणारा ट्रान्समीटर.

कामाच्या जागाही तीन प्रकारच्या असतात. लाइन मेंटेनन्स म्हणजे विमानतळावर, दोन उड्डाणांच्या मधल्या वेळेत किंवा रात्री मुक्कामी असलेल्या विमानावरचे काम. बेस मेंटेनन्स म्हणजे हँगरमध्ये विमान काही दिवस किंवा आठवडे उभे करून केलेली सखोल तपासणी. शॉप म्हणजे विमानातून काढलेले उपकरण टेबलावर उघडून तपासण्याची व दुरुस्त करण्याची कार्यशाळा.

एका बिघाडाचा प्रवास

समजा, वैमानिकाने उतरल्यावर टेक लॉगमध्ये 'दोन नंबरच्या रेडिओवर आवाज तुटक येतो' अशी नोंद केली. तंत्रज्ञ लगेच नवा रेडिओ बसवत नाही. याच विमानात हीच तक्रार आधी आली होती का, हे तो प्रथम पाहतो. मग त्या विमानाच्या देखभाल पुस्तिकेतील बिघाड शोधण्याचा क्रम उघडतो. यंत्रणेची अंगभूत स्वयंचाचणी चालवतो. दोष रेडिओच्या डब्यात आहे, अँटेनात आहे की मधल्या वायरमध्ये, हे ठरवण्यासाठी वायरिंग आकृती आणि मल्टिमीटर घेऊन एकेक टप्पा तपासतो. पुष्कळदा दोष असतो तो गंजलेल्या पिनमध्ये किंवा सैल कनेक्टरमध्ये. अशा वेळी डबा बदलला तर तक्रार दोन दिवसांनी पुन्हा येते.

दोष सापडल्यावर भाग बदलणे, ठरलेली चाचणी घेणे, वापरलेल्या भागाचा क्रमांक नोंदवणे, हत्यारे मोजून परत ठेवणे आणि शेवटी सही करणे असा क्रम असतो. भाग उपलब्ध नसेल, तर ती यंत्रणा बंद ठेवून विमान मर्यादित काळ उडवता येते का, हे किमान उपकरण यादीत पाहावे लागते. यादीत परवानगी नसेल, तर विमान थांबते. प्रवासी खोळंबले असले तरी यात सूट नसते.

या सहीला एवढे महत्त्व का?

दोन घटनांवरून ते समजेल. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरू देशातील एरोपेरू कंपनीचे बोइंग ७५७ विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील ७० जणांचा मृत्यू झाला. विमान धुताना बाहेरील हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती आणि ती काढायची राहून गेली होती. उड्डाणानंतर उंची आणि वेग दाखवणारी उपकरणे चुकीची माहिती देऊ लागली. संगणक बिघडला नव्हता, पण त्याला मिळणारी माहितीच चुकीची होती.

त्याच वर्षी, १२ नोव्हेंबर रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबिया आणि कझाकस्तानची दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली. ३४९ जण मृत्युमुखी पडले. या अपघातानंतर भारतात विमानांमध्ये टक्कर टाळण्याची यंत्रणा बंधनकारक करण्यात आली. ही यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे हे एव्हियॉनिक्स तंत्रज्ञाचे काम आहे.

भारतातील लायसन्सचे प्रवर्ग

डीजीसीएच्या सीएआर-६६ या नियमावलीत विमान देखभाल लायसन्सचे प्रवर्ग दिले आहेत. त्यांपैकी मुख्य असे :

- ए : लाइनवरील छोटी, ठरावीक कामे आणि साधे दोष.
- बी१ : विमानाचा सांगाडा, इंजिन, यांत्रिक व विद्युत यंत्रणा. विमान की हेलिकॉप्टर आणि टर्बाइन की पिस्टन इंजिन यांवरून याचे चार उपप्रकार होतात.
- बी२ : एव्हियॉनिक्स आणि विद्युत यंत्रणा.
- सी : बेस मेंटेनन्स पूर्ण झाल्यावर संपूर्ण विमान सेवेत सोडण्याचा अधिकार.

इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर बी२ हा तुमचा प्रवर्ग. दोन्ही बाजूंचे काम करण्यासाठी काहीजण पुढे बी१ सुद्धा मिळवतात.

बी२ लायसन्सपर्यंतचे टप्पे

टप्पा १ : प्रवेश. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय असावेत किंवा अभियांत्रिकीचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा. प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात आणि त्यात सहसा रंग ओळखण्याची क्षमता तपासली जाते. विमानाच्या सर्व पुस्तिका इंग्रजीत असतात, त्यामुळे तांत्रिक इंग्रजी वाचून समजणे आवश्यक आहे. शिक्षण मराठी माध्यमातून झाले असेल, तर पहिल्या महिन्यापासून रोज थोडे तांत्रिक इंग्रजी वाचण्याची सवय लावा.

टप्पा २ : मान्यताप्राप्त प्रशिक्षण. सीएआर-१४७ नियमावलीनुसार मान्यता मिळालेल्या संस्थेतील बी२ चा मूलभूत अभ्यासक्रम २,४०० तासांचा असतो. त्यात वर्गातील अभ्यास आणि प्रत्यक्ष काम दोन्ही येतात. गणित, भौतिकशास्त्र, विद्युत व इलेक्ट्रॉनिक्सची मूलतत्त्वे, डिजिटल तंत्र, साहित्य व हार्डवेअर, देखभालीच्या पद्धती, वायुगतिकी, विमानाच्या यंत्रणा, इंजिनाची ओळख, मानवी घटक आणि विमान वाहतूक कायदे हे विषय शिकावे लागतात. मानवी घटक या विषयात थकवा, घाई आणि अर्धवट निरोप यांमुळे चुका कशा होतात ते शिकवतात. एरोपेरूसारखे अपघात याच विषयात अभ्यासले जातात.

टप्पा ३ : डीजीसीएची परीक्षा. प्रत्येक विषयाची म्हणजे मॉड्यूलची वेगळी परीक्षा असते. उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के गुण लागतात. ३५ टक्क्यांच्या सवयीने अभ्यास केला तर येथे निभाव लागत नाही. नोंदणी डीजीसीएच्या परीक्षा पोर्टलवर होते.

टप्पा ४ : प्रत्यक्ष अनुभव. चालू स्थितीतील विमानांवर देखभालीचा अनुभव लागतो. मान्यताप्राप्त सीएआर-१४७ अभ्यासक्रम केला असेल तर २ वर्षे, डीजीसीएला मान्य असे संबंधित तांत्रिक कौशल्याचे प्रशिक्षण असेल तर ३ वर्षे आणि कोणतेही तांत्रिक प्रशिक्षण नसेल तर ५ वर्षे. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद लॉगबुकात ठेवून त्यावर वरिष्ठांची सही वेळच्या वेळी घ्या. वर्षभरानंतर एकदम सह्या घ्यायला गेलात, तर कोण बदलीवर गेलेले असते, कोणी नोकरी सोडलेली असते.

टप्पा ५ : लायसन्स. वय किमान १८ वर्षे पूर्ण, सर्व मॉड्यूल उत्तीर्ण आणि अनुभव पुरेसा असेल, तर लायसन्ससाठी अर्ज करता येतो. लायसन्सची मुदत ५ वर्षे असते, त्यानंतर नूतनीकरण करावे लागते.

टप्पा ६ : विमानाचा प्रकार आणि कंपनीची मंजुरी. नुसत्या बी२ लायसन्सवर एअरबस ए३२० सारख्या विमानासाठी सही करता येत नाही. त्या प्रकारच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर त्याची नोंद करून घ्यावी लागते. शिवाय ज्या देखभाल संस्थेत काम करता, तिनेही सहीचा लेखी अधिकार द्यावा लागतो. अधिकार टिकवण्यासाठी मागील २ वर्षांत किमान ६ महिने प्रत्यक्ष देखभालीचा अनुभव असावा लागतो.

बारावीपासून स्वतंत्रपणे सही करण्यापर्यंत पाच-सहा वर्षे सहज जातात. घरचा हिशेब मांडताना हा काळ धरूनच मांडा.

लायसन्सशिवाय या क्षेत्रात काम मिळते का?

मिळते. प्रत्येक हँगरमध्ये लायसन्स नसलेले तंत्रज्ञ मोठ्या संख्येने काम करतात. ते भाग काढतात, बसवतात, वायरिंग करतात, चाचण्या घेतात. शेवटची सही लायसन्सधारक करतो. आयटीआय किंवा पदविका झालेल्यांसाठी ही सुरुवातीची चांगली जागा आहे, कारण येथे मिळणारा अनुभव पुढे लायसन्ससाठी उपयोगी पडू शकतो.

विमाने आणि एव्हियॉनिक्सची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांतही काम असते. हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडचा नाशिकजवळील ओझर येथील विभाग लढाऊ विमानांशी संबंधित काम करतो, तर याच कंपनीचे एव्हियॉनिक्स विभाग हैदराबाद आणि उत्तर प्रदेशातील कोरवा येथे आहेत. गोव्यात नौदलाचे विमान दुरुस्ती केंद्र आहे आणि तेथे आयटीआय उमेदवारांसाठी अप्रेंटिस भरती होते. नागपूरच्या मिहान क्षेत्रात मोठ्या प्रवासी विमानांचे देखभाल केंद्र आहे.

देशातील विमानांची देखभाल देशातच व्हावी, यासाठी सरकारने या सेवेवरील जीएसटी एप्रिल २०२० पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के केला. १५ जुलै २०२४ पासून विमानांच्या सुट्या भागांच्या आयातीवरही एकसमान ५ टक्के आयजीएसटी लागू झाला.

उपयोगी सरकारी योजना आणि मार्ग

१. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के हिस्सा, दरमहा कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार देते. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ नुसार ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. या कायद्याखालील ठरावीक व्यवसायांत इलेक्ट्रिशियन एअरक्राफ्ट आणि मेकॅनिक रेडिओ अँड रडार एअरक्राफ्ट हे व्यवसायही आहेत. २०१९ च्या दुरुस्तीत शिक्षणानुसार किमान विद्यावेतन दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवले गेले. अर्ज करताना लागू असलेला दर पोर्टलवर पाहावा. नोंदणी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर करता येते.

२. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना. ही पदविका व पदवीधारकांसाठी आहे. किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग केंद्र सरकार देते. पश्चिम विभागाचे शिकाऊ प्रशिक्षण मंडळ मुंबईत आहे.

३. मॉडेल कौशल्य कर्ज योजना. जुलै २०२४ मध्ये सुधारित केलेल्या या योजनेत कौशल्य अभ्यासक्रमांसाठी ७.५ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. तुम्ही निवडलेला अभ्यासक्रम आणि संस्था योजनेत बसते का, हे प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी बँकेकडून लेखी विचारून घ्या.

४. शिष्यवृत्ती. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आणि महाराष्ट्रातील रहिवाशांनी महाडीबीटी पोर्टलवर आपल्या प्रवर्गासाठीच्या योजना पाहाव्यात. येथेही संस्था आणि अभ्यासक्रम यादीत असणे ही पहिली अट असते.

५. अग्निवीरवायू. भारतीय हवाई दलात ४ वर्षांच्या सेवेसाठी ही भरती होते. विज्ञान शाखेसाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी हे विषय तसेच एकूण व इंग्रजीत किमान ५० टक्के गुण लागतात. ठरावीक शाखांतील पदविकाधारकही अर्ज करू शकतात. सेवेनंतर कमाल २५ टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेतले जाते. कोणते काम द्यायचे हे हवाई दल ठरवते, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सचेच काम मिळेल असे धरून चालू नका.

पैसे भरण्यापूर्वी हे तपासा

1. संस्थेचे नाव डीजीसीएच्या संकेतस्थळावरील सीएआर-१४७ मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे का? संस्थेने दाखवलेली झेरॉक्स पुरेशी नाही, यादी स्वतः उघडून पाहा.
2. मान्यता बी२ साठी आहे का? काही संस्थांना फक्त बी१ ची मान्यता असते.
3. मान्यतेवर लिहिलेला पत्ता आणि तुम्ही जिथे शिकणार तो पत्ता एकच आहे का? मान्यतेची मुदत कधी संपते?
4. प्रत्यक्ष काम कोणत्या विमानावर आणि कोठे शिकवतात? ती जागा स्वतः जाऊन पाहा.
5. अभ्यासक्रमानंतरच्या २ वर्षांच्या अनुभवाची सोय कोठे होते? मागील तुकडीतील विद्यार्थी सध्या कोठे आहेत? शक्य असेल तर त्यांच्याशी बोला.
6. एकूण खर्चात वसतिगृह, परीक्षा शुल्क, हत्यारे आणि गणवेश धरले आहेत का? मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळते?

'शंभर टक्के नोकरी' असे तोंडी आश्वासन मिळाले, तर ते कागदावर मागा. पाचव्या प्रश्नाचे उत्तर टाळणाऱ्या संस्थेबाबत विशेष सावध राहा, कारण अनेकांची गाडी नेमकी तिथेच अडते. परीक्षा उत्तीर्ण होतात, पण अनुभव मिळत नाही म्हणून लायसन्स लांबते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एव्हियॉनिक्समधील पदवी घेतली तर लायसन्स आपोआप मिळते का?
नाही. पदवी विद्यापीठ देते, लायसन्स डीजीसीए देते. डीजीसीएची मॉड्यूल आणि अनुभवाची अट पदवीधरालाही पूर्ण करावी लागते.

आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झालेल्याने काय करावे?
आधी विमान क्षेत्रातील आस्थापनेत शिकाऊ उमेदवारी मिळवण्याचा प्रयत्न करावा. तिथे मिळालेल्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. पुढे लायसन्सकडे जायचे असल्यास आपली शैक्षणिक पात्रता पुरते का, हे डीजीसीएच्या नियमांत पाहावे.

मुलींना या कामात संधी आहे का?
हो. लायसन्सच्या नियमांत स्त्री-पुरुष असा भेद नाही. रात्रपाळी असते आणि पावसात-उन्हात उघड्यावर काम करावे लागते, याची तयारी सर्वांनाच ठेवावी लागते.

गणित कच्चे असेल तर जमेल का?
ओहमचा नियम, बायनरी संख्या आणि आलेख वाचणे यांपासून सुरुवात होते. ते नियमित सरावाने जमते. मात्र ७५ टक्क्यांची अट सर्व विषयांना आहे, म्हणून गणित आणि भौतिकशास्त्राची उजळणी प्रवेशापूर्वीच्या सुट्टीत करून ठेवा.

एखादे मॉड्यूल अनुत्तीर्ण झाल्यास सगळी परीक्षा पुन्हा द्यावी लागते का?
नाही. परीक्षा मॉड्यूलवार असते, त्यामुळे राहिलेल्या मॉड्यूलसाठी पुन्हा बसता येते. अनुभवाचा काळ सुरू असतानाही राहिलेली मॉड्यूल देता येतात, पण नोकरीच्या पाळ्या सांभाळून अभ्यास करणे जड जाते. शक्यतो अभ्यासक्रम सुरू असतानाच जास्तीत जास्त मॉड्यूल पार पाडा.